मोटारीचा तळ

जुन्या मोटारींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात इंजिन, रंग आणि पूर्वीच्या मालकांची नावे यांनाच मान असतो. बसणाऱ्याचे पाय जिथे टेकतात त्या पत्र्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक मोटारीचे आयुष्य कसे गेले हे तिचा तळ जितक्या खरेपणाने सांगतो, तितके दुसरा कोणताही भाग सांगत नाही, असे आमचे मत आहे.

उदाहरण आपल्या फियाटचेच घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० निघू लागली आणि १९७०च्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १९५३ साली इटलीत आलेल्या या ११००ला वेगळी चॅसिस नव्हती. तळ, दारांखालचे पोकळ उंबरे, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा. तळाचा पत्रा सडला की सारी गाडी खचू लागते आणि दारे नीट बसेनाशी होतात.

सडण्यास कोकणपट्टीसारखे अनुकूल हवामान नाही. पेण तालुक्यातल्या खाड्या नि खारजमिनींवरून येणारी हवा खारट, त्यात चार महिने पाऊस. गालिच्याखालचा नमदा पाणी धरून ठेवतो, निचऱ्याची भोके चिखलाने बुजतात, आणि वरचा रंग शाबूत असतानाच उंबरा आतून खाल्ला जातो. परवान्यांच्या काळात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच जुनी टिकवणे भाग होते. गॅरेजवाला सडक्या पत्र्यावर नवा पत्रा मारी, काही वर्षांनी त्यावर आणखी एक. कुठे नुसतीच लांबी भरून वर डांबर फासलेले. आज अशी गाडी उघडली की ठिगळांचे थर दिसतात, आणि त्या टंचाईचा याहून बोलका दस्तऐवज आम्हांस ठाऊक नाही.

पण दुरुस्तीची पहिली अट हा दस्तऐवज नष्ट करणे हीच आहे. निरोगी पत्रा लागेपर्यंत सारे कापून काढावे लागते. कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू जोडून सांगाडा जखडतात आणि एका वेळी एकच बाजू घेतात. नाहीतर गाडी वाकते. नवा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने तो पिळवटतो, म्हणून अंतराअंतरावर टाके घालत जावे लागते. मूळ तळाला मजबुतीसाठी वळ्या पाडलेल्या असतात. सपाट पत्रा बसवला तर तो ढोलासारखा घुमतो.

मग नव्या तळाची गाडी मूळचीच म्हणायची काय? पेणजवळचे जोहे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मूर्ती दर वर्षी नवी, विसर्जनासाठीच घडवलेली. टिकतो तो साचा. मोटारीच्या तळालाही कारखान्यात साचा होता. जीर्णोद्धार करणाऱ्यापाशी मात्र तो नसतो. त्याला वळी हातोडीने, जुन्या तुकड्यावरून मापे घेऊन उठवावी लागते. आमच्या दृष्टीने मूळपण या मापांत आहे. पत्रा नवा असला तरी आमची हरकत नाही.

कायद्याची भाषा याबाबतीत काहीशी ढोबळ आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारीस ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. पण ती मूळ स्वरूपात हवी, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. जिचा तळ हीच बॉडी, तिच्या बाबतीत दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो? त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा त्याच जागी बसवणे हा फेरफार नव्हे, असा अर्थ आम्ही लावतो. तो मान्य झाला नाही, तर समुद्रकाठच्या गाड्यांना हा सन्मान मिळणे अवघडच.

हा प्रश्न आता वाढणार आहे. १९७४च्या पद्मिनी २०२४ साली पन्नाशीच्या झाल्या. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची. वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. उरलेल्यांपैकी ज्या कुणी उघडतील, त्यांनी कापण्याआधी ठिगळांची छायाचित्रे काढावीत, थर दिसेल असा एखादा तुकडा चिठ्ठी लावून ठेवावा. आणि नवा तळ रंगवताना निचऱ्याची भोके बुजवू नयेत.