सर्व्हरसाठी नियमपालनाचे तयार साचे : कोठून घ्यावेत, कसे बसवावेत

जून २०२२ मध्ये जलस्रोत खात्याच्या पूर देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातील प्रमुख नद्यांवरील १५ केंद्रांची माहिती या यंत्रणेत जमा होत असे. फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडविण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. अँटिव्हायरसचा अभाव आणि जुनाट फायरवॉल ही कारणे तेव्हा पुढे आली. वाळवंटीची पातळी वाढली की डिचोली तालुक्यात, तिळारीचे पाणी सोडले की शापोऱ्याकाठच्या पेडणेकरांच्या घरांत काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा सर्व्हरचे मोल वेगळे सांगावयास नको.

सर्व्हरमध्ये कोणती दारे उघडी राहिली, हे तपासण्यासाठी जगभरातील तंत्रज्ञांनी एकत्र येऊन तयार केलेले साचे विनामूल्य मिळतात. साचा म्हणजे नियमांची यंत्राला वाचता येईल अशी यादी : पासवर्ड किती अक्षरी असावा, कोणती सेवा बंद असावी, नोंदी कोठे साठाव्यात. लिनक्ससाठी ‘कम्प्लायन्स ॲज कोड’ या मुक्त प्रकल्पाचे साचे प्रसिद्ध आहेत. ‘ओपनस्कॅप’ हे साधन ते वाचून तपासणी करते. विंडोजसाठी ‘देवसेक’ गटाचा साचा ‘इनस्पेक’वर चालतो.

रेड हॅट, फेडोरा, डेबियन वा उबंटू वापरणाऱ्यांनी साचा शक्यतो त्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा. रेड हॅट आणि फेडोरावर पॅकेजचे नाव ‘स्कॅप सिक्युरिटी गाइड’ असे आहे. नवी आवृत्ती थेट प्रकल्पाच्या गिटहब पानावरून घेतल्यास सोबतची ‘एसएचए-५१२’ बेरीज जुळवून पाहावी. ती जुळली नाही तर फाइल पुसून टाकावी. कोणी व्हॉट्सॲपवर पाठविलेला साचा तर उघडूही नये. सर्व्हरवर सर्वाधिकारासह चालणारी गोष्ट अनोळखी हातून घेणे म्हणजे किल्ल्या देणेच होय. आपल्या प्रणालीच्या नेमक्या आवृत्तीचाच साचा निवडावा.

खरी चूक होते ती यापुढे. ओपनस्कॅपला तपासणीबरोबर दुरुस्तीचीही आज्ञा देता येते आणि घाईत ती दिली जाते. केलेले बदल आपोआप मागे घेण्याची सोय मात्र नाही. रूट खात्याने दूरवरून लॉगिन करणे बंद करावे, हा नियम योग्यच. पण दुसरे खाते तयार नसेल तर तुये किंवा साखळीच्या सर्व्हरसाठी तंत्रज्ञाला गाडी काढावी लागेल. फायरवॉलचे नियम कडक झाले आणि नदीवरील मापकाची माहिती ज्या पोर्टवर येते तेच बंद झाले, तर पडद्यावर कालचाच आकडा दिसत राहील. म्हणून प्रथम केवळ तपासणी करून अहवाल वाचावा. गैरलागू नियम मूळ फाइलमध्ये हात न घालता वेगळ्या जुळवणी फाइलद्वारे वगळावेत आणि प्रत्येक वगळणीचे कारण लिहून ठेवावे. दुरुस्ती आधी चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहावी. आपल्याकडे हे काम मे संपण्यापूर्वीच उरकलेले बरे.

यांतील बहुतेक साचे अमेरिकी मानकांवर बेतलेले आहेत. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेले निर्देश त्यांत आयते सापडणार नाहीत : सायबर घटना ६ तासांत कळविणे, नोंदी १८० दिवस जपणे, सर्व्हरचे घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळविणे. नोंदींची मुदत आणि घड्याळाचा पत्ता जुळवणी फाइलबरोबरच ठरवून घ्यावा. ६ तासांत कोणी कोणाला कळवावयाचे, हे मात्र कार्यालयाने कागदावर लिहिले पाहिजे.

बॅकअपची खात्रीही साचा देत नाही. माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी आणि तीवरून यंत्रणा पुन्हा उभी राहते का, ते वर्षातून निदान एकदा करून पाहावे.