तिकीट कुणाच्या घरी येतं?

४ नोव्हेंबर २०२४ हा विधानसभेसाठी भरलेले अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी तीनपर्यंत. कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी मुदत संपता संपता माघार घेतली, आणि त्या मतदारसंघातल्या मतदानयंत्रावर ‘हात’ उरलाच नाही. पक्षाने आधी राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं होतं. त्यांना विरोध झाला म्हणून उमेदवार बदलला होता. आता त्याच लाटकरांना अपक्ष म्हणून पाठिंबा द्यायची वेळ आली. निवडून आले ते शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर.

त्यानंतर गावभर चर्चा झाली ती कुणी कुणाला तोंडघशी पाडलं याची. एक गोष्ट मात्र त्या गदारोळात बाजूला राहिली. या जागेवरच्या मावळत्या आमदार एक स्त्री होत्या, काँग्रेसच्याच जयश्री जाधव. पक्षाने त्यांना पुन्हा तिकीट दिलं नाही, आणि त्या माघारीच्या काही दिवस आधी शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या. निकाल लागला तेव्हा जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागांवर पुरुष होते.

मी कोल्हापूरची. ज्या गादीचा पाया ताराबाईंनी घातला, त्या गादीचं हे शहर. स्त्रियांच्या कर्तृत्वाचा विषय निघाला की आमच्याकडे पहिलं नाव त्यांचंच घेतात. म्हणून जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींच्या याद्या मी जरा निगुतीने वाचल्या. त्यांत एक धागा इतका स्पष्ट दिसतो की तो शोधावा लागत नाही.

लोकसभेपासून सुरुवात करू. १९५२ पासून आजवर या जिल्ह्यातून दोनच स्त्रिया लोकसभेत गेल्या. पहिल्या विजयमाला राजाराम छत्रपती, १९६७ साली, शेतकरी कामगार पक्षाकडून. त्या १९४० मध्ये वारलेल्या राजाराम महाराजांच्या पत्नी. दुसऱ्या निवेदिता माने, १९९९ आणि २००४ साली इचलकरंजीतून, राष्ट्रवादीकडून. त्यांचे सासरे बाळासाहेब माने याच मतदारसंघाचे अनेक वर्षं खासदार होते. २००९ मध्ये निवेदिताताई हातकणंगल्यातून राजू शेट्टींकडून हरल्या. २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव धैर्यशील माने तिथूनच निवडून आले.

विधानसभेचं चित्र याहून बोलकं आहे. मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. दहा जागा, चार वेळा, म्हणजे चाळीस विजयी उमेदवार. त्यात स्त्री एक. २०१४ मध्ये चंदगडमधून संध्यादेवी कुपेकर. त्या पहिल्यांदा आमदार झाल्या त्या २०१३ च्या पोटनिवडणुकीत, पती बाबासाहेब कुपेकर यांच्या निधनानंतर. जयश्री जाधव आल्या त्याही २०२२ च्या पोटनिवडणुकीत, पती चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर. म्हणजे या काळात आमच्या जिल्ह्यात स्त्रीसाठी विधानसभेचं दार दोनदा उघडलं, आणि दोन्ही वेळा त्या घरात सुतक होतं.

यात या स्त्रियांचा कमीपणा मला मुळीच सुचवायचा नाही. संध्यादेवींना २०१४ मध्ये मिळालेली मतं सहानुभूतीची म्हणून बाजूला काढता येत नाहीत, कारण तोवर पोटनिवडणूक होऊन दीड वर्ष उलटलं होतं. जयश्री जाधवांनी भाजपच्या सत्यजित कदम यांना अठरा हजारांहून अधिक मतांनी हरवलं होतं. लोकांनी बाईला मत द्यायला कुरकुर केलेली नाही. देशाचा अनुभवही तोच आहे. लोकसभेच्या अनेक निवडणुकांत उभ्या राहिलेल्या स्त्रियांपैकी निवडून येणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्तच राहिलं. (अपक्ष म्हणून हौसेने उभे राहणारे पुरुष बरेच, हेही त्यात धरायला हवं.) तेव्हा अडचण मतपेटीच्या आधीच आहे.

ती नेमकी कुठे, हे कळायला तिकीट कसं मिळतं ते पाहू. पक्षाकडे इच्छुकांचे अर्ज येतात, जिल्ह्यात मुलाखती होतात, नावं मुंबईला आणि राष्ट्रीय पक्ष असेल तर दिल्लीला जातात. अखेर उरतात दोन कागद. ए फॉर्मवर पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते लिहिलेलं असतं, आणि बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. हे कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले की ती व्यक्ती पक्षाची उमेदवार. ते नाव कसं ठरलं, किती सभासदांना विचारलं, हे कायदा विचारत नाही. त्यामुळे मुलाखतीत खरा प्रश्न एकच असतो: निवडून येण्याची क्षमता. आमच्याकडे त्याचा अर्थ कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था यांपैकी काहीतरी हाताशी असणं. विधानसभेच्या खर्चाची कायदेशीर मर्यादाच ४० लाख रुपये आहे. गाड्या, माणसं, गावोगावचे गट हे सगळं संस्थेच्या बळावर उभं राहतं.

आणि संस्था कुणाच्या नावावर? पहाटे उठून म्हशीची धार काढणारी, शेण-वैरण करणारी बहुतेक घरांत बाई असते. दूध संघाच्या राजकारणात मात्र ठराव कुणाच्या नावाने होणार यावरून पुरुषांची पळवापळवी चालते. सहकार कायद्याने संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या आहेत. एकवीस जणांच्या मंडळात दोघी. तिकिटाची शिडी जिथून सुरू होते तिथेच बायका इतक्या कमी, मग वरच्या पायरीवर कुठून येणार? येतात त्या घरातून, कारण संस्था घराची असते.

ही अवस्था नवी नाही, आणि तिच्यावर उपाय सुचवला गेला नाही असंही नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठी जागा राखल्या, तेव्हा देशातल्या मोठ्या स्त्री-संघटनांनी राखीव जागांना विरोध केला होता. मताचा हक्क समान मिळाला की बाकीचं आपोआप होईल, असा त्यांचा विश्वास होता. घटनासमितीतल्या स्त्रियांनीही राखीव जागा मागितल्या नाहीत. १९७४ मध्ये स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा अहवाल आला तेव्हा तो विश्वास डळमळला होता. विधिमंडळातलं आरक्षण समितीतल्या बहुमताने नाकारलं, पण पक्षांनी तिकिटांत स्त्रियांना ठरावीक वाटा द्यावा आणि तो वाढवत न्यावा, असं सुचवलं. पक्षांनी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

जिथे सक्ती झाली तिथे चित्र पालटलं. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. कोल्हापूर महापालिकेत आज निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सुरुवातीला ‘नगरसेविका पती’ हा शब्द चेष्टेने रूढ झाला, आणि त्यात तथ्यही होतं. पण पाणी, गटार, टँकर, अंदाजपत्रक यांत पाच वर्षं घालवलेली बाई निवडणुकीच्या आधी होती तीच राहत नाही. गोम अशी की पक्ष हा अनुभव तिकिटाच्या मुलाखतीत मोजतच नाहीत. नगरसेवक पुरुष पुढे आमदारकीला ‘इच्छुक’ होतो. नगरसेविकेचा वॉर्ड पुढच्या वेळी सोडतीत खुला झाला की तिला घरी जायला सांगतात. त्यात २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच होता, म्हणजे ती शाळाही बंद.

पक्षांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. ब्रिटनमध्ये लेबर पक्षाने काही मतदारसंघांत फक्त स्त्री-इच्छुकांमधूनच उमेदवार निवडायचं ठरवलं. त्याला १९९६ मध्ये न्यायाधिकरणाने बेकायदा ठरवलं, तरी तोवर निवडी झाल्या होत्या, आणि १९९७ मध्ये त्या पक्षाच्या १०१ स्त्रिया संसदेत पोचल्या. पुढे २००२ मध्ये अशा याद्यांना परवानगी देणारा कायदाच झाला. आपल्याकडे बिजू जनता दलाने २०१९ मध्ये ओडिशात लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं स्त्रियांना दिली आणि त्यांतल्या पाच जणी निवडून आल्या. याउलट काँग्रेसने २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात ४० टक्के तिकिटं स्त्रियांना दिली, पण पक्षच दोन जागांवर आटोपला. जिथे हरायचंच आहे तिथे उदार होणं सोपं असतं. म्हणून किती तिकिटं दिली याबरोबरच कुठली दिली, हे विचारायला हवं.

२०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखण्याचं वचन दिलं, पण ते जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवलं. ते अमलात येईल तेव्हा कोल्हापुरातल्या दहापैकी तीन-चार जागांवर पक्षांना स्त्री उमेदवार शोधाव्याच लागतील. मला काळजी आहे ती त्या शोधाची. तो आजच्याच पद्धतीने झाला, तर कारखानदारांच्या घरातली सून, लेक, पत्नी यांच्यापलीकडे तो जाणार नाही, आणि आरक्षण फसलं असं म्हणायला सगळे मोकळे होतील.

घराण्यातल्या स्त्रीने राजकारणात येऊ नये असं मी म्हणत नाही. घराण्यातल्या पुरुषाला तो नियम आपण कधी लावला नाही. माझं म्हणणं एवढंच की दार तेवढं एकच असू नये. दोन वेळा निवडून आलेल्या नगरसेविका, जिल्हा परिषदेच्या माजी सदस्य, बचतगटांचं जाळं चालवणाऱ्या बाया प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांची नावं पक्षांच्या जिल्हा कार्यालयांना पाठ आहेत, कारण सभेला गर्दी त्याच आणतात. पुढच्या वेळी मुलाखतींच्या यादीत त्या किती आहेत, एवढं तरी आपण मतदारांनी निवडणुकीआधी विचारावं. निकालानंतर विचारून उपयोग नाही, तोवर बी फॉर्मवर नाव लिहून झालेलं असतं.