एकच कॉन्चेर्टो, अनेक तबकड्या

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरातील जीर्ण कागद उभे राहतात. ग्रामोफोनची तबकडी हेही इतिहासाचे एक साधन आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः कागदावर घडलेल्या गोष्टीचे वर्णन असते. तबकडीवर घडलेल्या गोष्टीचा प्रत्यक्ष नादच उमटलेला असतो. परंतु म्हणून तबकडी सदैव खरे बोलते, असे मात्र नव्हे. कागदाची जशी साक्ष काढावी लागते, तशीच तबकडीचीही काढावी लागते. एकाच रचनेच्या निरनिराळ्या काळच्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ही साक्ष कशी काढता येते, ते आज आपणांस पाहावयाचे आहे.

रचना घेऊ ती योहान सेबास्टियन बाखची. बाख १६८५ साली जन्मला आणि १७५० साली वारला. दोन व्हायोलिनांसाठी डी मायनर ह्या स्वरग्रामात त्याने जो कॉन्चेर्टो लिहिला, त्याच्या बाखच्या स्वतःच्या हातच्या काही प्रती १७३० च्या सुमारच्या आहेत. त्या वेळी बाख जर्मनीतील लाइपझिग शहरी होता, आणि १७२९ पासून तेथील विद्यार्थ्यांच्या संगीतमंडळाची धुरा त्याजकडे आली होती. हे मंडळ झिमरमान नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात वादन करी.

ह्या कॉन्चेर्टोचे तीन खंड आहेत: पहिला व तिसरा द्रुत, मधला संथ. त्याची रचना मोठी अर्थपूर्ण आहे. एक प्रमुख वादक आणि दुसरा त्याचा साथीदार, असा भेद येथे नाही. किंबहुना पहिल्या खंडाचा आरंभ दुसरे व्हायोलिन करते, आणि मग तोच विषय पाच स्वर वर उचलून पहिले व्हायोलिन प्रवेश करते. मधल्या संथ खंडातही नेमके हेच घडते. एकाने वाक्य उच्चारावे, दुसऱ्याने ते उचलावे, आणि दुसरा बोलत असता पहिल्याने गप्प न बसता त्याच्या बोलण्याखाली आपला लांब स्वर अंथरावा, असा हा संवाद आहे. आपल्याकडील जुगलबंदीत पुष्कळदा चढाओढीचा अंश असतो. येथे जिंकणे नाही आणि हरणेही नाही. ह्यास्तव ही रचना वाजवणाऱ्या प्रत्येक जोडीला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: समोरच्याचे ऐकावयाचे कसे?

पहिली साक्ष १९१५ सालच्या जानेवारीतील आहे. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीसाठी फ्रिट्झ क्राइस्लर आणि एफ्रेम झिम्बालिस्ट ह्या दोघांनी हा कॉन्चेर्टो वाजविला. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीने उभे राहून वाजवावयाचे आणि नादाच्या केवळ जोराने मेणावर रेघ उमटावयाची, अशी पद्धत होती. कर्ण्यापुढे सबंध वाद्यवृंद कसा मावणार? म्हणून साथीला अवघी चार तंतुवाद्ये घेतली. आता गंमत अशी, की बाखच्या स्वतःच्या काळी साथीच्या प्रत्येक भागाला बहुधा एकेकच वादक असावा, असे अलीकडचे कित्येक संशोधक मानतात. म्हणजे जी गोष्ट पुढील पिढ्यांनी अभ्यासाने पुन्हा मिळविली, ती १९१५ साली निव्वळ यंत्राच्या अडचणीमुळे घडून आली होती! तबकडीची साक्ष काढताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की ऐकू येते ती गोष्ट वादकाची आवड आहे की यंत्राची सक्ती आहे? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीची मोठ्यातली मोठी बाजूदेखील चार-पाच मिनिटांत संपे. अशा वेळी लय जलद वाटली, तर ती अभिरुचीने जलद झाली की बाजू संपण्याच्या धास्तीने, ह्याचा निर्णय जपून करावा लागतो.

परंतु ह्या तबकडीवर ऐकू न येणारी अशीही एक गोष्ट आहे. क्राइस्लर हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अधिकारी होता. १९१४ साली युद्ध पेटताच तो गॅलिशियाच्या आघाडीवर गेला, रशियन सैन्याशी झालेल्या लढाईत जखमी झाला, आणि सैन्यातून मोकळा होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेस पोहोचला. झिम्बालिस्ट हा जन्माने रशियन, सेंट पीटर्सबर्ग येथे लिओपोल्ड आउअरच्या हाताखाली तयार झालेला. दोघांचे देश एकमेकांचे रक्त सांडीत असताना हे दोघे एकाच कर्ण्यापुढे खांद्याला खांदा लावून उभे होते. दोघांच्याही वादनात एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट घसरवीत नेण्याची, आपल्या भाषेत मींड घेण्याची, त्या काळची रीत भरपूर आढळते. युद्धाची खूण मात्र तिच्यात शोधूनही सापडावयाची नाही.

१९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि वाद्यवृंदाला तबकडीत जागा मिळाली. १९३२ साली पॅरिस येथे सोळा वर्षांचा यहुदी मेनुहिन आणि त्याचा गुरू जॉर्ज एनेस्कू ह्यांनी प्येर माँते ह्याच्या संचालनाखाली हा कॉन्चेर्टो मुद्रित केला. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून आपल्या देशी आलेला तोच हा मेनुहिन. गुरु-शिष्य एकत्र वाजवू लागले म्हणजे गुरूने पुढे व्हावे आणि शिष्याने मागून यावे, ही आपली सहज अपेक्षा. पण बाखची रचना तसे होऊ देत नाही. संथ खंडात दोघांचा नाद इतका जवळ येतो, की वाक्य कोणी उचलले हे क्षणभर कळत नाही. आणि तरीही दोन निराळी माणसे बोलत आहेत, ह्याचा विसर पडत नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाला १९४६ सालची याशा हायफेट्झची ध्वनिमुद्रिका आहे. त्याने दोन्ही व्हायोलिने स्वतःच वाजविली! आधी एक भाग मुद्रित करावयाचा, मग तो कानांशी ऐकत दुसरा वाजवावयाचा, अशी ही युक्ती. हात दोन्हीकडे सारखाच कसलेला. चूक नाही, ढिलाई नाही. तथापि ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. ह्या रचनेत एकाच्या उत्तराने दुसऱ्याला किंचित आश्चर्य वाटले पाहिजे. स्वतःच्याच उत्तराने कोणाला आश्चर्य वाटावयाचे? यंत्राने वादकाला सर्व काही दिले, एक सोबती तेवढा काढून घेतला. पुढे १९६१ साली हायफेट्झने हाच कॉन्चेर्टो एरिक फ्रीडमन ह्या आपल्या शिष्याबरोबर पुन्हा मुद्रित केला.

एनेस्कू १९५५ साली निवर्तला. १९५८ साली रुमानियात त्याच्या नावाने पहिला संगीतोत्सव झाला, तेव्हा मेनुहिनने ह्याच रचनेत सोव्हिएट रशियाच्या डाविड ओइस्त्राखची जोड घेतली. त्याच वर्षी पॅरिस येथे ह्या जोडीचे वादन चित्रपटावरही टिपले गेले. ते पाहताना लक्ष बोटांकडे जात नाही. ज्याची पाळी नाही तो ज्या नजरेने दुसऱ्याकडे पाहतो, तिच्याकडे जाते.

एवढ्यात एक नवीन मतप्रवाह सुरू झाला होता. बाखचे संगीत बाखच्या काळच्या वाद्यांवरच वाजवावे, असे म्हणणारे वादक पुढे आले. व्हिएन्ना शहरी १९५३ साली निकोलाउस हार्नोनकूर्टने अशा वादकांचा संघ स्थापिला, आणि पुढील दशकात त्याची पत्नी आलिस हिने वाल्टर फायफरबरोबर हा कॉन्चेर्टो मुद्रित केला. आतड्याच्या तातीच्या तारा, जुन्या घाटाचा हलका गज, उतरविलेली स्वरपट्टी, आणि बोटाचा कंप केवळ अलंकारापुरता, ही ह्या पद्धतीची लक्षणे. इंग्लंडातील रेचल पॉजर आणि अँड्र्यू मान्झे ह्यांचे वादनही ह्याच मार्गाने जाते. संथ खंड ह्या मंडळींकडे पूर्वीइतका संथ राहत नाही; त्यातील डुलणारा नृत्याचा ठेका वर येतो. हे ऐकून कित्येक रसिक जुन्या तबकड्यांना अशुद्ध ठरवून मोकळे होतात. येथेच सावध राहावयास पाहिजे, कारण ह्याच व्हिएन्ना शहरातील एक जुनी तबकडी ह्या निवाड्याआड येते.

ती तबकडी आर्नोल्ड रोझे आणि त्याची कन्या आल्मा ह्यांची. रोझे १८६३ साली जन्मला. १८८१ पासून १९३८ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, व्हिएन्नाच्या ऑपेरा-वाद्यवृंदाचा तो अग्रणी वादक होता. संगीतकार गुस्टाव माहलर हा त्याचा मेहुणा. १९२६ साली आल्माने व्हिएन्नाच्या रसिकांपुढे पदार्पण केले, तेव्हा पित्याबरोबर हाच कॉन्चेर्टो वाजविला; आणि त्या दशकाच्या अखेरीस दोघांनी तो मुद्रितही केला. ह्या तबकडीत मींड विपुल आहे, पण रोझेच्या बोटाचा कंप अगदी माफक आहे. म्हणजे अखंड कंप ही फार पुरातन परंपरा नव्हे, हे नव्या मंडळींचे म्हणणे ही जुनी तबकडीच खरे ठरविते. आणि जुने ते सर्व एकसारखेच, ही समजूत मात्र खोटी पाडते.

पुढची हकीगत तबकडीत नाही. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू म्हणून रोझेला आपल्या स्थानावरून जावे लागले. मुलीच्या खटपटीने तो लंडनला पोहोचला. त्याच्या निर्वाहासाठी पैसा मिळवावा म्हणून आल्मा हॉलंडमध्ये वादन करीत राहिली, आणि १९४० साली जर्मन सैन्याने तो देश घेतला तेव्हा तेथेच अडकली. पुढे फ्रान्समध्ये ती पकडली गेली, आणि १९४३ च्या जुलैमध्ये तिला आउश्विट्झच्या छळछावणीत आणले. तेथील बंदिवान स्त्रियांच्या वाद्यवृंदाची ती संचालिका झाली. वादनात चूक झाली तर जीवावर बेतेल, हे जाणून तिने कठोर शिस्तीने त्या स्त्रियांना तयार केले. त्यांतील बहुतेक जणी युद्धातून जिवंत बाहेर पडल्या. आल्मा मात्र १९४४ च्या एप्रिलमध्ये छावणीतच आजाराने मरण पावली. १९४६ साली लंडनमध्ये तिच्या पित्याचाही अंत झाला.

हे समजल्यावर त्या संथ खंडात आपणांस विलाप ऐकू येऊ लागतो. परंतु श्रोतेहो, हा विलाप त्या तबकडीत नाही. तो आपण मागाहून घातलेला आहे. तबकडीत आहे ती विशीच्या उमेदीतील एक मुलगी, आणि तिच्या वाक्याखाली आपला स्वर शांतपणे धरून राहिलेला तिचा पिता. पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक नव्हते. त्यांच्या वादनावर आपल्या शोकाचा रंग चढविणे म्हणजे त्यांचा तो निर्भय दिवस त्यांच्यापासून हिरावून घेणे होय. इतिहास वाचणाराने आणि संगीत ऐकणारानेही एवढा संयम पाळावयास पाहिजे.

तेव्हा खरी ध्वनिमुद्रिका कोणती, हा प्रश्न सोडून द्यावा हे बरे. यंत्राची मर्यादा कोणती, काळाची रीत कोणती, आणि त्या दोन व्यक्तींचे स्वतःचे असे काय, हे तीन धागे निरनिराळे करता आले म्हणजे प्रत्येक तबकडी आपली साक्ष देऊ लागते. ह्यापुढे ही रचना कानी पडेल तेव्हा संथ खंडात दुसरे व्हायोलिन आपले पहिले वाक्य संपवीत असतानाचा क्षण नीट ऐकावा. पहिले व्हायोलिन तेथे शिरते ते दुसऱ्याला बाजूस सारून की त्याचे बोलणे ऐकून, एवढे जरी कानाला उमगले, तरी त्या जोडीविषयी पुष्कळ काही कळून येईल.