धडगावची चित्रवाणी : एक तळटीप

३. मूळ मजकुरात ज्याचा ओझरता उल्लेख आहे, ते विद्यार्थ्यांनी बिनवेतनी चालविलेले दूरचित्रवाणी केंद्र विलायतेस नवे नाही. ग्लासगो विद्यापीठात ते १९६४ सालीच स्थापन झाले. आपल्याकडे मात्र मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणाची मिरासदारी दूरदर्शनकडेच राहिल्यामुळे, आणि २००२ साली सरकारने शिक्षणसंस्थांना जी मुभा दिली ती केवळ सामुदायिक नभोवाणीपुरती असल्यामुळे (पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' हे तिचे परिचित फल), विद्यापीठीय चित्रवाणी ही १९८४ पासून दूरदर्शनवर दाखविल्या जाणाऱ्या, अध्यापक व पगारी तंत्रज्ञ यांनी सिद्ध केलेल्या पाठांपलीकडे फारशी गेली नाही. विद्यार्थी तेथे बहुधा प्रेक्षकच.

नंदुरबार जिल्ह्यात, जो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झाला, या कल्पनेच्या निकट जाणारा उद्योग विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर सातपुड्यातील धडगाव तालुक्यात (सरकारी दप्तरी : अक्राणी) आढळतो. 'आदिवासी जनजागृती' या नावाने एकत्र आलेल्या तेथील तरुणांनी, ना परवाना ना मनोरा अशा स्थितीत, साध्या मोबाईलवर चित्रित केलेल्या स्थानिक बोलींतील चित्रफिती इंटरनेटवरून प्रसृत केल्या, आणि करोनाच्या साथीत लसीविषयी पसरलेल्या अफवांचे निरसनही त्याच मार्गे आरंभिले. शासनाच्या मराठी परिपत्रकांना हे काम, त्यांचा हेतू कितीही शुद्ध असो, साधले नसते, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. — संपा.