घाट चढणारा कोळसा

आमच्या कागलला रेल्वे नाही. महामार्ग आहे, पंचतारांकित एमआयडीसी आहे, शाहू महाराजांच्या जनक घराण्याचं गाव म्हणून मान आहे. पण आगगाडी बघायची तर कोल्हापूर नाहीतर मिरज गाठायचं. त्यामुळेच की काय, मला लहानपणापासून गाड्यांचं वेड. त्यातही मालगाड्यांचं. आता तुम्ही म्हणाल, मालगाडीत बघण्यासारखं काय असतं? माझं उत्तर सोपं आहे. हे रूळ कुणी आणि कशासाठी टाकले, हे मालगाडीत काय भरलंय त्यावरून कळतं.

तर आजचा विषय : कोळशाची गाडी. आणि रस्ता : मुरगाव ते कॅसलरॉक.

कागलहून बेळगाव नव्वदेक किलोमीटर. तिथून लोंढा, मग कॅसलरॉक, आणि मग घाट उतरून गोव्यातलं कुळे. नोकरी पुण्यात असल्यामुळे हे सगळं सुट्टीच्या दिवशीच. या घाटात दूधसागर आहे, त्यामुळे फोटोवाल्यांची तोटा नाही. सगळ्यांना एकच चित्र हवं असतं : मागे धबधबा, पुढे पुलावरून वळत जाणारी प्रवासी गाडी. कोळशाची गाडी आली की बरेच जण कॅमेरा खाली करतात. माझा मित्रसुद्धा त्यातलाच. "आरं मर्दा, एवढा धबधबा सोडून कोळसा कसला काढतोयस?" असं त्यानं विचारलं होतं. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर समजा. (रुळांवरून चालत जाऊन फोटो काढायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. फाटकाबाहेरून किंवा डब्याच्या खिडकीतून जे मिळेल ते घ्यावं.)

आधी थोडं गणित, इंजिनियर असल्याचा तेवढाच उपयोग! या घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कोळशाच्या एका गाडीला ५८ वाघिणी धरा, भरलेली प्रत्येक वाघीण साधारण ८० टन. झाले साडेचार हजार टनांच्या वर. याला ३७ ने भागलं की नुसतं उतारावरून मागे घसरू नये म्हणून सव्वाशे टनांचा जोर लागतो. वर्षानुवर्षं या घाटात कोळसा ओढणारं डब्ल्यूडीजी-४ जातीचं डिझेल इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त ५४ टनांच्या आसपास जोर लावतं. म्हणजे कागदावर तीन इंजिनं पुरे. पण इंजिनांचं स्वतःचं वजन, वळणांचं घर्षण आणि पावसाळ्यात ओले रूळ धरले की तीनवर भागत नाही. म्हणून पुढे ओढणारी आणि मागून ढकलणारी अशी दोन्हीकडे इंजिनं. मी पाच मोजली आहेत. पुढची इंजिनं बोगद्यात शिरून दिसेनाशी होतात आणि मागची अजून आधीच्या वळणावर घुमत असतात.

प्रश्न असा, की इतका खटाटोप करून डोंगर चढवायचा हा माल कुणाचा?

त्यासाठी १८७८ मध्ये जावं लागतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. पोर्तुगीजांना मुरगावचं बंदर आणि तिथून ब्रिटिश मुलखात जाणारी रेल्वे हवी होती. इंग्रजांना हवं होतं मीठ. म्हणजे खायला नव्हे, ताब्यात. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि गोव्यातलं स्वस्त मीठ चोरून सरहद्द ओलांडायचं. करारानं गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. रेल्वे मिळाली, पण मिठागरांवर पोट असलेल्या लोकांचा धंदा त्यात भरडला गेला. करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचा कुणी नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

१८८१ मध्ये लंडनमध्ये 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे' नावाची कंपनी निघाली. नावातला 'गॅरंटीड' शब्द महत्त्वाचा. गाडी चालो न चालो, भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. याच कंपनीनं बंदर बांधलं आणि मीटरगेज रूळही टाकले. १८८७ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि १८८८ मध्ये घाटातून रूळ ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाले. घाटाला नाव दिलं ब्रागांझा, पोर्तुगालच्या राजघराण्याचं. गोव्याच्या हद्दीतला हा मार्ग जेमतेम ८२ किलोमीटरचा. अपेक्षा होती की धारवाड-हुबळीकडचा कापूस मुरगावला उतरेल. पण माल पुरेसा आला नाही आणि हमीच्या व्याजाचा बोजा सरकारवर पडत राहिला. १८९२ मध्ये करारही संपला. पुढे गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं.

हीच सदर्न मराठा रेल्वे त्या काळात आमच्याकडेही गाड्या चालवत होती. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. तोही मीटरगेज आणि याहूनही छोटा. पण तो बांधला कोल्हापूर संस्थाननं, स्वतःच्या पैशानं. त्या रुळांच्या कडेला शाहू महाराजांनी आपले वडील, म्हणजे कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नावानं जयसिंगपूर ही बाजारपेठ वसवली. कोल्हापूरजवळ एका स्टेशनचं नावच गूळ मार्केट आहे. म्हणजे कागलला स्टेशन मिळालं नाही, पण कागलच्या माणसाचं नाव एका स्टेशनला मिळालं, आणि इथल्या शेतकऱ्याच्या मालाचं दुसऱ्याला. काळ साधारण तोच, गेज तेच, गाड्या चालवणारी कंपनीही तीच. फरक एवढाच, की एका रुळाच्या कडेला बाजार उभा राहिला आणि दुसऱ्यावरून माल नुसता पुढे जात राहिला.

गोव्याच्या रुळांचं पुढे काय झालं? १९५५ मध्ये गोवा मुक्तीच्या लढ्याच्या धामधुमीत सरहद्दीवरची रेल्वे वाहतूक थांबली. १९६१ च्या मुक्तीनंतर हा मार्ग भारतीय रेल्वेत आला, आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. बळ्ळारी-होस्पेटचं लोहखनिज भरलेल्या वाघिणींतून घाट उतरायचं आणि मुरगावहून परदेशी जायचं. जुलै २०१० मध्ये कर्नाटकानं खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. उतरणारा माल आटला आणि चढणारा ठळक दिसायला लागला : जहाजानं आलेला परदेशी कोळसा, मुरगावहून बळ्ळारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे. बंदराला आणि रुळाला लागून राहणाऱ्यांच्या वाट्याला येते ती काळी धूळ.

म्हणूनच या मार्गाच्या दुपदरीकरणाला गोव्यात एवढा विरोध झाला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर गावच्या फाटकावर हजारो माणसं जमली आणि पहाटेपर्यंत थांबली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक-कुळे टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं दिलेली मंजुरी रद्द केली. मोलेचं राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य याच टप्प्यात येतं.

मी रेल्वेवेडा आहे, दुसरा रूळ पडला तर मला गाड्या दुप्पट दिसतील! शिवाय पोलाद आपल्या सगळ्यांनाच लागतं. आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्र्या काही हवेवर चालत नाहीत. कोळसा अजिबातच नको असं म्हणणं मला जमत नाही. पण चांदरचे लोक विचारत होते तो प्रश्न १८७८ चाच आहे. आमच्या दारातून काय जाणार हे ठरवताना आम्हाला विचारलं का? मिठाच्या वेळी विचारलं नव्हतं.

असो. मित्राला उत्तर हे, की धबधबा दरवर्षी तोच असतो. गाडीतला माल बदलतो, आणि इतिहास त्या मालात असतो. पण ताडपत्रीखाली काय होतं हे फोटोत दिसत नाही, ते लिहूनच ठेवावं लागतं. म्हणून माझ्या प्रत्येक फोटोखाली तारीख आणि ठिकाणाच्या पुढे दोन शब्द जास्त असतात : 'भरलेली, वर' किंवा 'रिकामी, खाली'.