टॉवर ब्रिजचे यंत्रघर : एक ऐतिहासिक साधन

जुन्या यंत्राचे जतन करताना त्याचा आकार राखता येतो. त्याचे कार्य राखता येतेच असे नाही. यंत्राला इतिहासाचे साधन मानावयाचे तर हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. लंडन येथील टॉवर ब्रिजचे यंत्रघर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्व भागातील वस्ती वाढली आणि टेम्स नदीवर लंडन ब्रिजच्या खालच्या अंगास आणखी एका पुलाची निकड भासू लागली. परंतु नदीच्या याच पट्ट्यातील धक्क्यांना उंच डोलकाठ्यांची जहाजे लागत. रस्त्याची सोय पाहावी तर बंदराचे नुकसान, बंदर सांभाळावे तर रस्ता अडलेला, असा हा पेच होता. १८८५ च्या कायद्याने उघडत्या पुलास संमती दिली व जहाजाचा अग्रहक्क मान्य केला. वास्तुविशारद होरेस जोन्स आणि अभियंता जॉन वुल्फ बॅरी यांच्या योजनेनुसार १८८६ मध्ये काम सुरू झाले. जोन्स १८८७ मध्ये निवर्तले. पूल ३० जून १८९४ रोजी खुला झाला.

पुलाच्या मधल्या भागात प्रत्येकी हजार टनांहून अधिक वजनाची दोन पाती आहेत. त्यांच्या मागील टोकांस प्रतिभार जोडून तोल साधला असल्यामुळे ती अल्प शक्तीने उचलली जातात. ही शक्ती मूळ व्यवस्थेत पाण्याच्या दाबातून मिळे. कोळशावर चालणाऱ्या बाष्पकांतील वाफ दोन एंजिनांना गती देई. ती एंजिने चौरस इंचास सुमारे ७५० पौंड दाबाने पाणी सहा संचायकांत भरीत. संचायक म्हणजे प्रचंड वजनाखाली दाबून ठेवलेला पाण्याचा साठा. झडप उघडताच वजन खाली येई, पाणी नळांवाटे मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या जलयंत्रांकडे धाव घेई आणि दंतचक्रांच्या योगे पाती वर जात.

या सर्व रचनेचे मर्म संचायकांत आहे. एंजिनाचे काम संथ व अखंड, तर पुलाची गरज आकस्मिक. भरतीबरोबर येणारे जहाज थांबवून धरता येत नसे. म्हणून मागणी येण्यापूर्वीच शक्ती साठवून सज्ज ठेवणे भाग होते. पहिल्या वर्षी पूल ६,१६० वेळा, म्हणजे दिवसास सरासरी सतरा वेळा, उचलला गेला. ही संख्या लक्षात घेतली म्हणजे संचायकाचा आकार केवळ अभियांत्रिकीचा न राहता बंदराच्या दिनक्रमाचा लेख ठरतो.

१९७६ मध्ये वाफेची जागा वीज व तेलदाब यांवर चालणाऱ्या यंत्रणेने घेतली. तोपर्यंत वरच्या धक्क्यांवरील व्यापारही ओसरला होता. १९८२ पासून जुने यंत्रघर प्रेक्षकांसाठी खुले आहे. तेथे बाष्पके, एंजिने व संचायक जागच्या जागी पाहता येतात. तथापि बाष्पके थंड आहेत. भट्टीची धग नाही, कोळशाची धूळ नाही. लखलखणाऱ्या पितळेकडे पाहताना त्या भट्टीत रात्रंदिवस कोळसा लोटणाऱ्या माणसांचा विसर पडणे सोपे आहे. यंत्राचे जतन श्रमाचे जतन नव्हे, ही मर्यादा अभ्यासकाने मनाशी बाळगली पाहिजे.

येथे एक विपर्यासही दिसून येतो. जुने यंत्र राहिले, पण त्याचे काम सुटले. काम मात्र नव्या यंत्राच्या हाती जाऊन चालूच आहे. आजही पूल वर्षातून सुमारे आठशे वेळा उघडतो आणि जहाजाकडून त्याचे मूल्य घेतले जात नाही. मात्र चोवीस तासांची पूर्वसूचना द्यावी लागते. संचायकाच्या मुळाशी असलेली अनिश्चितता अशा रीतीने नाहीशी झाली आहे. म्हणून या यंत्रघरात केवळ ‘ते कसे चाले’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ते कोणाची वाट पाहत असे’ हेही विचारावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रापाशी नाही. ते नदीच्या आणि बंदराच्या इतिहासात शोधावे लागते.