सुघटन शल्यशास्त्राचे शिक्षण : परंपरेकडून विद्यापीठीय रुग्णालयाकडे

शास्त्राचा इतिहास लिहिताना शोधांची नोंद आवर्जून होते. ते शास्त्र शिष्याच्या हाती कसे उतरले, याचा विचार क्वचितच केला जातो. प्लास्टिक सर्जरी अथवा सुघटन शल्यशास्त्र यास अपवाद नाही.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक करून दिल्याचे वर्णन त्यात होते. रुग्णाचे नाव पत्रात आहे, ती क्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज वैद्यांचीही नावे आहेत. करणाऱ्याचे नाव मात्र नाही. तो विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढाच उल्लेख आढळतो. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया केली, ती भारतातून परतलेल्यांकडे चौकशी करून आणि मृतदेहांवर सराव करून. कौशल्य युरोपात पोहोचले. गुरू मात्र पोहोचला नाही.

गुरूच्या देखरेखीखालील शिक्षणास निश्चित रूप आले ते पुढे, सामान्य शल्यशास्त्राच्या क्षेत्रात. बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेडने जर्मन विद्यापीठांतील पद्धतीच्या आधारे निवासी शल्यवैद्यांची श्रेणीबद्ध व्यवस्था उभारली. शिकाऊ वैद्य रुग्णालयातच राहत असे. 'निवासी' या संज्ञेचे मूळ त्यातच आहे. प्रथम निरीक्षण, मग साहाय्य, त्यानंतर देखरेखीखाली शस्त्रक्रिया आणि अखेरीस स्वतंत्र जबाबदारी, असा हा क्रम होता. सुमारे सहा वर्षे साहाय्यक आणि दोन वर्षे मुख्य निवासी, असा काळ हॉल्स्टेडने १९०४ मध्ये सांगितला आहे. परंतु शिखरापर्यंत फार थोडे पोहोचत. ३३ वर्षांत मुख्य निवासी झाले ते अवघे १७. शिवाय अमेरिकेतील अशा शिक्षणाचा भार बहुशः धर्मादाय कक्षांतील गरीब रुग्णांवर पडला, हेही विसरता येत नाही.

सुघटन शल्यशास्त्राचा या व्यवस्थेत प्रवेश उशिरा झाला. हृदय वा नेत्र यांसारखे एखादे इंद्रिय त्याच्या वाट्याचे नव्हते. त्यामुळे त्याचे स्वतंत्र क्षेत्र कोणते, हाच वाद होता. पहिल्या महायुद्धाने तो प्रश्न बदलला. इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ पासून हॅरोल्ड गिलिस व त्याच्या सहकाऱ्यांनी ५,००० हून अधिक जखमी सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या. अमेरिकी सैन्यात असेच काम पाहिलेल्या व्हिलरे ब्लेअरने युद्धानंतर सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाशी संलग्न बार्न्स रुग्णालयात या शाखेची शिक्षणपरंपरा रुजविली. त्याच्याच पुढाकाराने १९३७ मध्ये अमेरिकन सुघटन-शल्य मंडळ स्थापन झाले. आता पात्रता केवळ गुरूच्या शब्दावर ठरणार नव्हती. ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तीत भर पडली.

भारतात १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या प्रमुखत्वाखाली या शास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. ज्या प्रदेशातील अनामिक कारागिराचे कौशल्य कधी लंडनला गेले, तेथेच ते विद्यापीठीय शिक्षणाच्या रूपाने परतले. हा बदल तंत्रापुरता नव्हता. हात अजूनही दुसऱ्या हाताच्या शेजारीच शिकतो. पण त्या हाताच्या चुकीस उत्तरदायी कोण, हे आता नोंदलेले असते. निवासी-पद्धतीचे खरे ऐतिहासिक महत्त्व या उत्तरदायित्वात आहे.